ताई, तुम्ही बर्फाची पेटी उघडून पाहिलीत म्हणून

प्रिय ताई,

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली, आलूबोंडे झाले आणि मला जे बोलायचं होतं ते तेवढं राहून गेलं. ते आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

डेंग्यूतून बऱ्या झालेल्या लोकांच्या रक्तातल्या मदतनीस टी पेशी, म्हणजे सीडी४ पेशी, विषाणूला कितपत ओळखतात हे मला मोजायचं होतं. याच पेशी बी पेशींकडून चांगल्या अँटिबॉडी करवून घेतात आणि मारक टी पेशींना बळ देतात. अँटिबॉडी मोजायच्या तर सीरम गोठवून ठेवलं तरी भागतं. टी पेशी मात्र धडधाकट लागतात. त्यांना विषाणूच्या प्रथिनांचे छोटे तुकडे दाखवायचे आणि त्या काय उत्तर देतात ते पाहायचं.

मला उत्तरच मिळत नव्हतं. इलिस्पॉट या चाचणीच्या प्लेटवर इंटरफेरॉन गॅमा हे इशाऱ्याचं प्रथिन सोडणाऱ्या एकेका पेशीचा एकेक ठिपका उमटतो. माझे वेल, म्हणजे प्लेटवरचे छोटे खळगे, जवळजवळ कोरे होते. 'प्रतिसाद नाही असं लिहा आणि पुढे चला,' असं एका वरिष्ठांनी सांगितलं. मी तसं लिहायला बसलेही होते.

तुम्ही शेजारी येऊन एवढंच विचारलंत, "पीएचएच्या वेलमध्ये किती आले?"

पीएचए हे उत्तेजक प्रथिन बहुतेक टी पेशींना उठवतं, रुग्णाला डेंग्यू झालेला असो वा नसो. तो वेल ठिपक्यांनी गच्च भरायला हवा होता. तिथेही विरळच होते.

"मग पेशंट गप्प नाही गं, पेशीच हैराण आहेत. रक्त आणते कशात?"

बर्फात. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात पारडीहून धंतोलीपर्यंत रक्त आणायचं म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. तुम्ही पेटी उघडलीत, गारठलेली नळी हातात घेतलीत आणि मला खुर्चीवर बसवून समजावलंत. रक्त गारठलं किंवा फार वेळ ताटकळलं की त्यातल्या ग्रॅन्युलोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते. मग पेशी वेगळ्या करायला रक्त फायकॉल या जड द्रवावर ठेवून यंत्रात फिरवल्यावर त्या तळाशी जात नाहीत. आपल्याला हव्या असलेल्या पांढुरक्या थरात मिसळतात आणि टी पेशींना काम करू देत नाहीत. रक्त २० अंशांच्या आसपास हवं, आणि पेशी शक्यतो ८ तासांच्या आत वेगळ्या व्हायला हव्यात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून थर्मोकोलची पेटी आणलीत. त्यात एसीच्या खोलीत रात्रभर ठेवलेले जेल पॅक, जुना टॉवेल आणि एक थर्मामीटर. रिक्षात माझ्याबरोबर पारडीला आलात, तेही भर दुपारी. ज्या काकूंच्या नमुन्यावर मी 'प्रतिसाद नाही' लिहिणार होते, त्यांच्याकडेच आधी गेलो. सुईची भीती वाटत असूनही त्यांनी पुन्हा हात पुढे केला. त्या संध्याकाळी इनक्युबेटरच्या दारावर तुम्ही कागद चिकटवलात: 'उद्यापर्यंत हात लावू नये'. प्लेट हलली तर ठिपके फराटल्यासारखे पसरतात, मग मोजणार काय?

ठिपके आले तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. तुम्ही म्हणालात, "हे मदतनीस पेशींचेच कशावरून?" त्या क्षणी मला रागच आला होता, खरं सांगते. पण बरोबर होतं. नुसत्या ठिपक्यावरून पेशी कोणती ते कळत नाही. चुंबकी मण्यांनी सीडी८ पेशी, म्हणजे मारक टी पेशी, काढून आपण पुन्हा प्लेट लावली, उरलेल्या पेशी कोणत्या ते फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशी ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासलं. ठिपके टिकले. काकूंच्या मदतनीस पेशींना डेंग्यू आठवत होता, आणि मी त्यांच्या शरीराबद्दल खोटं लिहून मोकळी होणार होते. याचा विचार आला की अजूनही पोटात गोळा येतो.

ताई, ते काम तुमच्या नोकरीच्या कागदात कुठेच नव्हतं. रात्री साडेनऊपर्यंत थांबायलाही तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

पेटी माझ्याकडेच आहे. झाकणाला तडा गेला होता, चिकटपट्टी लावली आहे. नवीन मुलगी कामावर आली आहे, तिला पहिल्याच दिवशी त्यात थर्मामीटर कुठे ठेवायचा ते दाखवलं. प्लेटचे फोटो घेऊन येत्या रविवारी घरी येते.

तुमची,
प्लेट हलवणारी मुलगी