पाहुण्याला बेड्या घालाव्यात का?

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचून आधी थोडा रागच आला. ‘माणसं मारणारा विमानतळावर उतरतो, त्याला मानवंदना मिळते आणि तुम्ही कायदेवाले कलमं चघळत बसता,’ हे वाक्य तू मला डिवचायलाच लिहिलंयस, हे कळतं मला. पण तुझं बरंचसं म्हणणं मला मान्य आहे. भांडण उरतं ते बाकीच्या भागाचं, आणि तो भाग दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

तुझी मागणी सरळ आहे. हात रक्तानं माखलेला परदेशी नेता आपल्या हद्दीत आला की पोलिसांनी त्याला धरावं आणि तिथल्याच न्यायालयानं खटला चालवावा. पद, पासपोर्ट, प्रोटोकॉल काही मधे येऊ नये. आणि दाखल्याला तू चिलीत लष्करी बंड करून हुकूमशहा झालेल्या पिनोशेला उभा केलास. सगळेच करतात. पण ती गोष्ट बारकाईनं पाहिली तर ती तुझ्या बाजूनं अर्धीच साक्ष देते.

१६ ऑक्टोबर १९९८ च्या रात्री लंडनच्या एका खासगी रुग्णालयात, पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पडून असलेल्या पिनोशेला ब्रिटिश पोलिसांनी अटक केली. वॉरंट होतं बाल्तासार गार्थोन या स्पॅनिश न्यायाधीशाचं. पण तेव्हा पिनोशे राष्ट्राध्यक्ष नव्हता. ते पद १९९० मध्येच सुटलं होतं. तो तहहयात सिनेटर होता, राजनैतिक पासपोर्टवर आला होता आणि तेवढं पुरेल अशी त्याची समजूत होती. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या (तेव्हा ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय तेच होतं) न्यायाधीशांनी पहिला निकाल ३ विरुद्ध २ असा त्याच्या विरोधात दिला. तो रद्द करावा लागला, कारण त्यांच्यातले लॉर्ड हॉफमन ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवाधिकार संघटनेशी जोडलेले होते आणि ॲम्नेस्टी त्याच खटल्यात बाजू मांडत होती. (एवढ्या गाजलेल्या प्रकरणात ही गोष्ट आधी कुणाच्या लक्षात कशी आली नसेल?) मग नवं पीठ बसलं आणि मार्च १९९९ मध्ये ६ विरुद्ध १ असा निकाल आला: छळाच्या आरोपापासून माजी राष्ट्रप्रमुखाला संरक्षण नाही.

यातला ‘माजी’ तू वाचलाच नाहीस. तो पदावर असता तर त्याला हात लावता आला नसता, हे त्या न्यायाधीशांनी स्वच्छ सांगितलं होतं. शिवाय ब्रिटननं छळविरोधी करार १९८८ मध्ये स्वीकारला, म्हणून छळाचे गुन्हे त्यानंतरचेच मोजायचे, असं ठरलं. १९७३ च्या बंडानंतरची पहिली काही वर्षं, जेव्हा सगळ्यात जास्त माणसं नाहीशी झाली, ती जवळजवळ पूर्ण हिशेबाबाहेर गेली. आणि शेवटी मार्च २००० मध्ये गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी प्रकृतीचं कारण देऊन त्याला घरी पाठवलं. सॅन्तियागोच्या विमानतळावर तो चाकाच्या खुर्चीतून उठला आणि स्वागताला आलेल्या सेनाधिकाऱ्यांकडे चालत गेला.

तू इथे दात-ओठ खाऊन थांबतोस. खरी गोष्ट इथून पुढे आहे. सुमारे १६ महिने तो परक्या देशात नजरकैदेत होता, एवढ्यानंच चिलीतली त्याची दहशत गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याचं संसदीय संरक्षण काढून घेतलं आणि पुढे खटल्यांमागून खटले लागले. २००६ मध्ये तो मेला तेव्हा एकाही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती, हे खरं. पण ज्या न्यायालयांनी वर्षानुवर्षं मान खाली घातली होती, ती बोलू लागली होती. परक्या देशातल्या अटकेचा मला दिसणारा मोठा उपयोग हाच आहे: मायदेशातल्या न्यायाधीशांना धीर येतो.

आता पदावर असलेल्या नेत्याकडे येऊ. इथे माझं मत तुला आवडणार नाही. दुसऱ्या देशाच्या साध्या फौजदारी न्यायालयानं त्याच्यावर खटला चालवू नये. बेल्जियमनं एप्रिल २००० मध्ये काँगोचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री येरोदिया यांच्याविरुद्ध वॉरंट काढलं. आरोप असा, की १९९८ मध्ये त्यांनी भाषणांतून तुत्सी जमातीविरुद्ध लोकांना भडकवलं. काँगो देशादेशांतले वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १४ फेब्रुवारी २००२ ला निकाल लागला. पदावर असेपर्यंत राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री यांना परक्या देशाच्या न्यायालयापासून पूर्ण संरक्षण आहे, आरोप कितीही भयंकर असला तरी. बेल्जियमनं वॉरंट मागे घ्यावं. गंमत म्हणजे तोवर येरोदिया मंत्रीच राहिले नव्हते.

तू म्हणशील, ही मोठ्यांनी मोठ्यांची केलेली सोय. थोडी आहेच. पण तुझा नियम जगभर लागू केला तर काय होईल ते बघ. तुझ्या मनात एक प्रामाणिक न्यायाधीश आणि एक खराखुरा नराधम आहे. मला दिसतात दोनेकशे देश, त्यांतले कितीतरी असे, जिथे न्यायाधीश सरकारच्या मर्जीवर टिकतात. त्यांच्या हातात हेच हत्यार दिलं की शेजारच्या देशाचा निवडून आलेला पंतप्रधान परिषदेला आला असताना त्याच्यावर ‘नरसंहारा’चा गुन्हा दाखल करणं हा एका दुपारचा खेळ होईल. मग कुणी कुणाकडे जाणार नाही. आणि युद्ध थांबवायला ज्यांची समोरासमोर भेट व्हायला हवी, ती नेमकी हीच माणसं असतात. सभ्य माणसांना युद्धबंदीच्या सह्या कराव्या लागत नाहीत.

बेल्जियमचं पुढे काय झालं, तेही तुला ठाऊक असायला हवं. त्यांच्या १९९३ च्या कायद्याखाली जगातल्या कुणाविरुद्धही तक्रार करता येत होती. इस्रायलचे पंतप्रधान शॅरन यांच्याविरुद्ध झाली, अमेरिकेच्या नेत्यांविरुद्ध झाली. जून २००३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड ब्रुसेल्सला आले आणि नाटो या लष्करी युतीचं मुख्यालय इथे राहावं का, याचाच विचार करावा लागेल, असं सुनावून गेले. ऑगस्टपर्यंत कायद्याचे दात काढून झाले होते. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा, हे कागदावर; प्रत्यक्षात ज्याच्यामागे सैन्य आणि पैसा, त्याच्या वाटेला कुणी जात नाही. तुझ्या पत्रात याबद्दल एक ओळही नाही, याचं नवल वाटलं.

पण हा आक्षेप आहे म्हणून सगळंच सोडून द्यावं, असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण आहे हिसेन हाब्रे. १९८२ ते १९९० तो आफ्रिकेतल्या चाडचा हुकूमशहा होता. चाडच्याच चौकशी आयोगाच्या अंदाजानुसार त्या काळात ४० हजार माणसं मारली गेली. सत्ता गेल्यावर तो सेनेगलला पळाला आणि डाकारमध्ये ऐषारामात राहिला. तुरुंगातून वाचलेले लोक मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी एकमेकांच्या जबान्या गोळा केल्या, लपवून ठेवल्या. २००१ मध्ये त्याच्या राजकीय पोलिसांच्या ओस पडलेल्या मुख्यालयात हजारो कागद जमिनीवर विखुरलेले सापडले. सेनेगल टाळाटाळ करत राहिला, बेल्जियमनं मागणी लावून धरली आणि २०१२ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयानं, ज्यानं येरोदियांना वाचवलं होतं, सेनेगलला बजावलं: खटला चालवा, नाहीतर प्रत्यार्पण करा, तिसरा रस्ता नाही. आफ्रिकन संघाच्या मदतीनं डाकारमध्येच खास न्यायालय उभं राहिलं. हाब्रे न्यायालयाला मानायला तयार नव्हता. त्याला अक्षरशः उचलून आणून बसवावं लागलं. ३० मे २०१६ ला जन्मठेप झाली आणि २०२१ मध्ये तो कैदी म्हणूनच मेला. आफ्रिकेत, आफ्रिकी न्यायाधीशांसमोर, आफ्रिकी पीडितांच्या चिकाटीनं. हा खटला मला पिनोशेच्या खटल्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि त्याच्याबद्दल निम्मंही बोललं जात नाही.

म्हणजे पद गेलं की ढाल गेली, हे पक्कं हवं. २००२ च्या निकालात इथे एक भोक राहिलंय. पदावर असताना ‘खासगी’ नात्यानं केलेल्या कृत्यांवर नंतर खटला चालवता येईल, असं त्यात म्हटलंय. सरकारी तळघरात, सरकारी पगारावरच्या माणसांकडून करवलेला छळ खासगी कसा म्हणायचा? छळाची व्याख्याच मुळी सरकारी माणसानं केलेला, अशी आहे. हे भोक बुजवायला हवं. तू चळवळ करणार असशील तर यासाठी कर, मी सोबत आहे.

आता हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. हे वेगळं, देशांवर नाही तर माणसांवर खटले चालवणारं. त्याचा करार सांगतो की पदामुळे कुणी सुटत नाही. इथे एखादा देश स्वतःच्या मनानं पाहुण्याला धरत नसतो. त्यानं आधी सही करून दिलेला शब्द असतो. म्हणून माझं उत्तर इथे उलटं आहे: सदस्य देशानं धरलंच पाहिजे. नाहीतर आधीच सांगावं की येऊ नका. निर्णयाची जागा विमानतळ नाही, निमंत्रणाचा कागद आहे. बहुतेक सरकारं तिथे मूग गिळतात आणि मग विमान उतरल्यावर घाम पुसत बसतात.

दक्षिण आफ्रिकेचंच बघ. जून २०१५ मध्ये आफ्रिकन संघाच्या परिषदेसाठी सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर जोहान्सबर्गला आले. सुदानच्या दार्फुर भागातल्या अत्याचारांसाठी हेगचं वॉरंट २००९ पासून होतं. एका संस्थेनं प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात धाव घेतली, त्यांना देश सोडू देऊ नका असा हंगामी आदेश मिळाला, आणि प्रकरण न्यायालयात चालू असतानाच बशीर यांचं विमान वॉटरक्लूफच्या लष्करी तळावरून उडून गेलं. स्वतःच्याच न्यायालयाला असं तोंडावर पाडणं मला बशीर यांच्या सुटकेपेक्षा जास्त लागतं. बशीर आज ना उद्या पदावरून जाणारच होते. न्यायाधीशाच्या आदेशाला सरकारनं बगल दिली, त्याचा डाग राहतो.

त्याउलट छोटासा मलावी. २०११ मध्ये त्यांनीही बशीर यांना येऊ दिलं होतं. पुढच्या वर्षी जॉयस बांदा अध्यक्ष झाल्या. परिषद मलावीत भरायची होती आणि बशीर यांना बोलावलंच पाहिजे असा संघाचा हट्ट होता. बांदांच्या सरकारनं यजमानपद सोडलं, परिषद आदिस अबाबाला हलली. त्यात ना बेड्या होत्या, ना आरडाओरड.

आणि हाच शहाणपणा पुढे दक्षिण आफ्रिकेलाही सुचला. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध वॉरंट निघालं, ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गला ब्रिक्सची बैठक होती. रशियाच्या अध्यक्षांना अटक म्हणजे युद्धाची घोषणा ठरेल, असं दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष रामाफोसा यांनी न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात सांगितलं. शेवटी पुतिन पडद्यावरूनच बोलले. तुला ही पळवाट वाटेल. मला वाटत नाही. ज्याला जगभर मिरवायची सवय आहे त्याला आपण कुठे जाऊ शकतो आणि कुठे नाही याचा नकाशा जवळ बाळगावा लागतो, ही शिक्षा नसली तरी अगदीच काही नाही असंही नाही. पुढच्या वर्षी ते मंगोलियाला गेले, तिथे मानवंदनाही मिळाली, आणि मंगोलियानं कर्तव्य मोडलं असं हेगनं नोंदवलं. पण रशिया आणि चीनच्या मधोमध अडकलेल्या, इंधनासाठी शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघणाऱ्या देशाला दूर बसून शूरपणाचे धडे द्यायला माझी जीभ रेटत नाही.

इतकं लिहिल्यावर तू विचारशील, तुझ्या या नियमाला अडचणीत आणणारं काही नाहीच का? आहे. चार्ल्स टेलर. जून २००३ मध्ये लायबेरियाचे अध्यक्ष असताना ते शांतता चर्चेसाठी घानाच्या राजधानीत, अक्रात आले. ते तिथे पोचल्यावर, ४ जूनला, शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या खास न्यायालयानं त्यांच्यावरचं गोपनीय आरोपपत्र उघड केलं आणि घानाला कळवलं: याला धरा. घानानं त्यांना परत जाऊ दिलं. पाहुणा चर्चेसाठी बोलावलेला, बोलावताना आरोपाचा पत्ता नाही, आणि अटक केली असती तर लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात काय पेटलं असतं कुणास ठाऊक. मात्र आरोप जगजाहीर झाल्यावर टेलर एकटे पडत गेले. ११ ऑगस्टला त्यांनी पद सोडलं, २००६ मध्ये ते सापडले आणि २०१२ मध्ये त्यांना ५० वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे अटक न करताही आरोपपत्रानं काम केलं, असं मी म्हणू शकतो. पण मधल्या दोन महिन्यांत मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते आणि त्यात शेकडो माणसं गेली. ती अटकेनं वाचली असती की आणखी मेली असती, यावर मी बराच विचार केलाय आणि मला पक्कं उत्तर सापडलेलं नाही. त्या दिवशी घानाच्या अध्यक्षांच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस, ते सविस्तर लिही. न्यायाचं नाव घेऊन एका वाक्यात उडवून लावू नकोस, एवढीच अट.

तुझा,
श्रीधर