काहीच न विचारणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं. निरोपाच्या भाषणांत तुमच्या शिस्तीचं भरपूर कौतुक झालं असेल. मला आभार मानायचेत ते तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत, त्याबद्दल.

आठवी-नववीतली मी ग्रंथालय बंद होईपर्यंत जागेवरून हलायचे नाही. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, "घरी सगळं ठीक आहे ना?" आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले असते. घरी आई दिवसच्या दिवस अंथरुणातून उठत नव्हती, बाबा घरात टिकत नव्हते आणि धाकट्याच्या प्रगतिपुस्तकावर आईची सही मी करत होते, शेवटच्या अक्षराच्या शेपटीसकट. तुम्ही 'होमकमिंग' पुढे सरकवलंत आणि एवढंच म्हणालात, "शब्द अडला की डिक्शनरी उघडू नकोस, पुढे जा."

सिंथिया व्हॉइट यांची ती १९८१ची कादंबरी. आई चार मुलांना मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत सोडून जाते, ती परत येतच नाही. थोरली डायसी तेरा वर्षांची. ती तिघांना घेऊन पायी निघते. मी मात्र प्रवासापेक्षा तिच्या हिशेबातच अडकले: आज काय खायचं, उद्याला किती उरेल. शिवाय मोठ्या माणसांना खरं सांगायचं नाही, सांगितलं तर भावंडांची ताटातूट होईल, ही धास्ती. लेखिका तिला लबाड ठरवत नाही आणि गुणाची पोर म्हणून डोक्यावरही घेत नाही. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटलं. "किती समजूतदार आहे हो" हे ऐकून माझे कान किटले होते. पुढे कळतं की आई मनोरुग्णालयात आहे. म्हणजे ती दुष्ट नाही, आजारी आहे. माझ्याशी हे तोवर कुणीच बोललं नव्हतं.

मग 'द आउटसायडर्स'. आई-बाप अपघातात गेलेले तीन भाऊ, आणि त्यांचा मित्र जॉनी, ज्याच्या घरात मारहाण नाहीतर दुर्लक्ष. पुस्तक परत करताना तुम्ही सांगितलंत की एस. ई. हिंटन ही मुलगी. पंधराव्या वर्षी लिहायला लागली आणि १९६७मध्ये पुस्तक आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मी तर त्या नावामागे कुणी मिशाळ गृहस्थ धरून चालले होते!

शेवटच्या प्रकरणात समुपदेशक येतो आणि सगळं जुळून येतं, तसली पुस्तकं तुम्ही मला दिली नाहीत. बरं केलंत. ती वाचून वाटतं, सगळ्यांचं निस्तरतं, आपलंच कसं निस्तरत नाही? त्याऐवजी कॅथरीन पॅटरसन यांची 'द ग्रेट गिली हॉपकिन्स' दिलीत, १९७८ची. परक्यांच्या घरी वाढणारी गिली सगळं पुस्तकभर आईची वाट पाहते. आई येतेही, पण आजीने पैसे दिले म्हणून. आणि गिलीला घर म्हणून आठवते ती सांभाळणारी ट्रॉटर. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं आणि लेखिकेवर भयंकर चिडले.

ते पुस्तक परत करतानाच तोंडून निघून गेलं, "आमची आई उठत नाही." तुम्ही शिक्का खाली ठेवलात, जवळचं कोण आहे विचारलंत आणि मावशीला फोन लावून रिसीव्हर माझ्या हातात दिलात. पुढे मावशी आली, डॉक्टर झाले, औषधं सुरू झाली. आई पूर्ण बरी झाली असं नाही, पण सह्या स्वतः करायला लागली.

एका पालकांनी काउंटरवर घातलेला वादही आठवतो. "असली रडकी पुस्तकं मुलांना देता?" तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "ज्यांच्या घरी असलं काही नाही त्यांना कळावं म्हणून देते. आणि ज्यांच्या घरी आहे त्यांना यात नवं काहीच नाही."

आता एक काम सांगते. धाकट्याची मुलगी बारा वर्षांची झाली. तिच्या घरी सगळं छान चाललंय, तरी तिला हीच पुस्तकं लागतात. या तिन्हींचा फडशा पाडून झालाय. पुढे काय देऊ, ते कळवा.

तुमची,
खिडकीजवळच्या बाकावरची वाचक