रिपोर्ट नॉर्मल, पुडीवाला हजर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपला अंक उघडला आणि आतून एक गुलाबी पत्रक घरंगळून पायाशी पडलं. ‘जुनाट अंगदुखी, सांधेदुखी, संधिवात ११ दिवसांत मुळासकट बरा. गुण न आल्यास पैसे परत.’ खाली स्टँडजवळच्या एका लॉजचा पत्ता, खोली क्रमांक आणि महिन्याचा दुसरा व चौथा रविवार. हे पत्रक आपण छापलेलं नाही, पहाटे अंक लावताना कुणीतरी ते आत सरकवतं, एवढं मला कळतं. तरी पत्र आपल्यालाच लिहिते आहे. कारण असंच एक पत्रक २०२१ साली आपल्याच अंकातून माझ्या घरात आलं होतं आणि ते हातात घेऊन मी त्या लॉजचा जिना चढले होते.

मी एका पतसंस्थेची पिग्मी एजंट आहे, म्हणजे दुकानादुकानांतून रोजची छोटी बचत गोळा करते. वय ४८. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड या भागात रोज साठ-बासष्ट दुकानं करते. दुकानदार मला नावानं कमी आणि ‘पिग्मीवाल्या ताई’ म्हणूनच जास्त ओळखतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पुरुषभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आठ दिवस गाळ उपसला, भांडी घासली, भिजलेल्या गाद्या रस्त्यावर टाकल्या. मग ताप आला. ताप गेला, दुखणं राहिलं. तेव्हा अख्ख्या सांगलीचंच अंग दुखत होतं, माझं वेगळं कोण धरणार? पण दिवाळीपर्यंत बाकीच्यांचं थांबलं आणि माझं थांबलं नाही. आज मान, उद्या मांड्या, परवा तळपाय. सकाळी उठताना असं वाटायचं, की रात्रभर कुणीतरी पोत्यात घालून बदडलंय. वसुलीच्या बॅगेचा पट्टा खांद्यावर चटका दिल्यासारखा लागायचा. भाचीच्या लग्नात कासारीण बांगड्या भरायला बसली. तिनं नेहमीसारखा हात दाबला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बायकांना वाटलं, मावशीला लेक सासरी जाण्याचं दुःख होतंय!

मग दवाखाने सुरू झाले. रक्त, लघवी, थायरॉइड, युरिक ॲसिड, आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी), मानेचा एक्स-रे, कमरेचा एमआरआय. ड जीवनसत्त्व कमी निघालं, ते भरून काढलं. एमआरआयमध्ये ‘वयानुसार झीज’. बाकी सगळं नॉर्मल. मी पैशांच्या धंद्यातली बाई, त्यामुळे हिशेब ठेवायची सवय. चार वर्षांत तपासण्या, औषधं, प्रवास धरून ८६ हजार ४०० रुपये गेले. गणपती पेठेतल्या एका किराणा दुकानदारानं माझी फाइल गमतीनं काट्यावर ठेवली, ती सव्वादोन किलो भरली. सासूबाईंनी एकदा विचारलं, “एवढ्या पैशात निघालं काय?” मी म्हटलं, “काही नाही.” “मग बरंच झालं की,” म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. रिपोर्टात काही नाही म्हटल्यावर घरच्यांनी धरायचं काय?

डॉक्टरांनाही मी सरसकट दोष देत नाही. बाहेर चाळीस माणसं बसलेली, समोर कोरा कागद. एकानं सांगितलं, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यानं, पाळी जायची वेळ आलीय. तिसऱ्यानं, वजन उतरवा. प्रत्येकानं वेदनाशामक गोळ्या मात्र न चुकता लिहून दिल्या. त्यांनी पित्त वाढलं, दुखणं तसूभर हललं नाही.

दुकानदारांकडे तर औषधांचा खजिनाच. कुणी निर्गुडीचा शेक सांगितला, कुणी लसणाचं तेल, कुणी तांब्याचं कडं. हळदीचा व्यापारी तर हक्कानं पुडी बांधून द्यायचा. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या अभिमानात मी दोन वर्षं रोज रात्री हळद-दूध प्याले. अपाय काही झाला नाही. उपायही झाला नाही.

अशा अवस्थेत ते पहिलं पत्रक हाती पडलं. आता तुम्हाला खरं सांगते. लॉजच्या त्या खोलीतला माणूस माझं पाऊण तास ऐकत होता. कधीपासून दुखतं, कुठं दुखतं, झोप लागते का, घरात कोण काय बोलतं. मध्ये एकदाही त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे डिग्री कसली होती देव जाणे, पण वेळ होता. मी ४,५०० रुपये मोजून साठ पुड्या घेऊन खाली उतरले, ते निम्मी बरी होऊनच.

तिसऱ्या दिवसापासून अंगात वारं भरलं. भूक अशी, की रात्री उठून डबे धुंडाळायची. तोंडावर गरगरीतपणा आला. “ताई, तब्येत सुधारली हं!” असं दुकानात लोक म्हणू लागले. मी आणखी साठ पुड्या आणल्या. दुसरा महिना संपता संपता पायांवर सूज, सारखी तहान आणि साखर २४०. घरात कुणाला मधुमेह नाही. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तोंडाकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, “कुठली पुडी खाताय?” त्यात स्टेरॉइड असणार, असं ते म्हणाले. एकदम बंदही करता येईना. असं औषध काही आठवडे पोटात गेलं, की शरीर स्वतःचं तसलं द्रव्य तयार करायचं मंद करतं. मग त्यांच्या देखरेखीखाली मोजूनमापून स्टेरॉइड देत ते हळूहळू उतरवलं. उरलेल्या पुड्या मी रागानं गटारात टाकल्या. ही माझी चूक. त्या तपासायला दिल्या असत्या, तर आज माझ्याकडे पुरावा असता. आता फक्त अनुभव आहे.

दुखणं अर्थातच परत आलं. येताना विसराळूपणाही घेऊन आलं. त्याबद्दल लोक बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. एका संध्याकाळी भरणा करताना रोकड ४५० रुपयांनी जास्त भरली. कुणाचे तरी ५०० घेऊन मी मशिनमध्ये ५० टाकले होते. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी बासष्ट दुकानांना विचारत फिरले, तेव्हा भांड्यांच्या दुकानातले काका म्हणाले, “माझेच ते. पावती बघितली होती, पण तू आणून देणार हे माहीत होतं.” माझा धंदा फक्त विश्वासावर चालतो. हात-पाय दुखले तरी फिरता येतं. डोक्यात धुकं उतरलं, तर दुसऱ्याच्या पैशाला हात लावायची भीती वाटते.

२०२३ साली, कुणाच्या तरी ओळखीनं, एका संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांनी फाइल बाजूला ठेवली. अंगाच्या १९ भागांची यादी पुढे केली आणि गेल्या आठवड्यात कुठं कुठं दुखलं तिथं खूण करायला सांगितली. मी १४ ठिकाणी केली. मग थकवा, झोप, विसराळूपणा आणि इतर तक्रारी यांना गुण दिले, १२ पैकी ९ आले. “सकाळी उठल्यावर झोप झाल्यासारखं वाटतं का?” हा प्रश्न चार वर्षांत लॉजवाल्याखेरीज मला कुणीही विचारला नव्हता. पूर्वी, १९९० च्या निकषांत, शरीरावरचे १८ बिंदू दाबून बघत आणि त्यांतले ११ दुखले की निदान करत. २०१० पासून ही यादीची पद्धत आली. यादी करायला लागतो कागद, पेन आणि पंधरा-वीस मिनिटं. एमआरआय लागत नाही.

आजाराचं नाव फायब्रोमायल्जिया. त्यानं जीव जात नाही, सांधे वाकडे होत नाहीत आणि तो पुरता जाईल असंही सांगता येत नाही. दुखण्याचा निरोप मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात जातानाच अनेक पटींनी मोठा होतो, असं त्यांनी समजावलं. माझ्या भाषेत सांगायचं तर काटा बिघडलाय. पावशेर ठेवलं तरी पाच किलो दाखवतो. चार वर्षं सगळे माल तपासत होते, आणि मालात खोट नव्हतीच. पुड्यांनी बरं कसं वाटलं, हेही विचारलं. ते म्हणाले, स्टेरॉइड सुजेवर चालतं. तुमच्या आजारात तशी सूज नाहीच. तो तजेला औषधाच्या कैफाचा होता.

मी दवाखान्यातून बाहेर येऊन स्कूटरवर बसून रडले. आजार निघाला म्हणून आनंदानं रडणारी बाई बघून तिथला वॉचमन घाबरला असेल.

नाव कळलं म्हणून पुढचं सोपं झालं, असं नाही. प्रीगाबॅलिन हे औषध या आजारासाठी अमेरिकेत २००७ साली मंजूर झालं. कुणाकुणाला ते लागू पडतं. मला त्यानं अशी घेरी यायची, की आयर्विन पुलावर एकदा स्कूटर कठड्याकडे गेली. डॉक्टरांना विचारून ते उतरवत बंद केलं. आता रात्री अमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी आहे. निराशेच्या आजारात ते बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात, मला झोप आणि दुखण्यासाठी. हे मुद्दाम लिहिलं, कारण औषधाच्या दुकानात तो कागद वाचून “ताई, हे डोक्याचं औषध आहे” असं चार गिऱ्हाइकांसमोर मला ऐकवण्यात आलं होतं.

आणि चालणं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ च्या सूचनांत ठाम शिफारस केली ती व्यायाम या एकाच गोष्टीची. हे ऐकून मी डॉक्टरांवर चिडले. दिवसभर पिग्मीसाठी चालते ते काय मग? ते म्हणाले, “ते ओझं घेऊन थांबत थांबत चालणं झालं. मला तुमच्या मालकीची पाच मिनिटं हवीत.” आमराईत पहाटे पाच मिनिटांपासून सुरुवात केली. आठवड्याला एक मिनिट वाढ. पहिले तीन आठवडे दुखणं वाढलंच, तेव्हा सोडून द्यायची वेळ आली होती. एका दिवशी बरं वाटलं म्हणून अर्धा तास चालले आणि चार दिवस अंथरुणात पडले. आज ठरलेला अर्धा तास होतो. वसुलीच्या डायरीतच मी रोजच्या दुखण्याला दहापैकी गुण टाकते. पूर्वी सात-आठ असायचे, आता चार-पाच असतात. वाईट दिवशी आठही असतात. ११ दिवसांत नव्हे, दोन वर्षांत एवढं उतरलंय.

आता पत्रकाकडे येते. संधिवात बरा करून देण्याच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्यानं बंदी आहे. ‘मुळासकट बरा’ हे शब्द गुलाबी कागदावर छापून घरोघर पोचवणं हा गुन्हा आहे. आपण आपल्या विक्रेत्यांना एवढी ताकीद द्यावी, की अंकात सरकवायचं प्रत्येक पत्रक आधी वाचून बघा.

पण पत्रकं थांबली तरी पुडीवाला थांबणार नाही, हे मला माझ्यावरूनच माहीत आहे. ‘दुखतंय’ आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यानं दुकान मांडलंय. ती जागा डॉक्टरांनी भरायची आहे. डॉ. वॉन्लेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून लोक इकडे बरे व्हायला येतात. अशा जिल्ह्यात राहून मला एका नावासाठी चार वर्षं लागली. सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार फक्त जुनाट दुखण्याची ओपीडी ठेवावी. एक डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट, एक समुपदेशक आणि ती १९ भागांची यादी. महात्मा फुले योजनेचा आम्हाला उपयोग नाही, कारण ती दाखल होणाऱ्यांसाठी आहे आणि आमच्या आजाराला खाट लागत नाही. एक खुर्ची आणि वीस मिनिटं लागतात. आणि ज्यांच्याकडे तेवढी मिनिटंही नाहीत, त्या डॉक्टरांनी निदान असं म्हणावं, की “रिपोर्टात दिसत नाही, पण तुम्हाला दुखतंय हे मला मान्य आहे.”

आपल्या रविवार पुरवणीत एखाद्या संधिवाततज्ज्ञांना या आजारावर लिहायला सांगाल का? माझ्या फेरीतल्या बासष्ट दुकानांत, माझं ऐकून, आणखी तीन बायकांनी हळूच सांगितलं, “ताई, मलाबी अगदी असंच हुतंय.” तिघींचेही रिपोर्ट नॉर्मल आहेत. त्यांतल्या एकीनं परवाचं ते पत्रक जपून ठेवलंय.

पत्रक सोबत जोडलं आहे. त्याची एक प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. तो माणूस येत्या चौथ्या रविवारी सकाळी दहा वाजता पुन्हा लॉजवर येणार आहे.

आपली,
एक पिग्मी एजंट, सांगली

ता. क. – माझं नाव छापू नये. दुखण्याची लाज वाटते म्हणून नाही, पण ४५० रुपयांची गोष्ट पतसंस्थेच्या कानावर अजून गेलेली नाही. हे पत्र चार बैठकांत लिहिलं आहे, मधल्या दोन पानांवरचं अक्षर मुलीचं आहे.