पोरांच्या छातीचं ऑपरेशन, जरा दमानं घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली मोबाईल उघडला की 'एका दिवसात सपाट छाती' असल्या जाहिराती लई दिसायला लागल्यात, आणि आमच्या १६ वर्षांच्या पुतण्याची छाती बायकांसारखी वाढलीय (डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात), तो त्या बघून ऑपरेशनचा हट्ट धरून बसलाय. पोराचं तरी काय चुकलं म्हणा, तालमीत लंगोट लावून उभं राहिलं की चिडवणारे असतातच, आता भर उन्हाळ्यातपण दोन-दोन बनियन घालून फिरतोय. डॉक्टरांनी हात लावून तपासलं, निपलच्या मागं रबरासारखं लागतं ती स्तनाची ग्रंथी, नुसती चरबी असली तर सगळं मऊच लागतं, आणि वयात येताना हार्मोन वरखाली होऊन आलेलं हे बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत आपोआप ओसरतं. मग थांबायचं की!

मोठ्यांचं वेगळं. जिममधली स्टेरॉइडची इंजेक्शनं, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या बीपीच्या गोळ्या, लिव्हर-थायरॉइडचे आजार, यानंपण छाती वाढते, आणि ते कारण तसंच ठेवून ऑपरेशन केलं तर परत येऊ शकतं. एकाच बाजूला कडक गाठ असली किंवा निपलमधून रक्त आलं तर मात्र लाजत बसू नका, पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो.

वर्षा-दोन वर्षांत गेलं नाही तर ग्रंथी घट्ट होते, गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, मग करा की ऑपरेशन, त्यात लाज कसली. पण व्रण, बधिरपणा, आत रक्त साठणं, कित्येक आठवडे घट्ट जॅकेट घालून राहणं, हे त्या जाहिरातीत कुठं असतं? तेवढं तुम्ही तरी छापा.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर