सड्याची पाहणी पावसात करा: महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

विषय: कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर, चिरेखाणींना परवानगी देण्याआधी होणारी पाहणी

स. न. वि. वि.

साहेब, घरबांधणीचा चिरा हे गौण खनिज आणि ते आपल्या खात्याकडे, म्हणून हे पत्र वनमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. माझं घर जांभ्या चिऱ्याचंच आहे, तेव्हा चिरा काढूच नका असं मी म्हणणार नाही. कुठला सडा कापायचा हे ज्या पद्धतीने ठरतं, तक्रार तिच्याबद्दल आहे.

सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा, लागवडीला न येणारी जमीन. पाहणीला माणसं येतात ती गाडी वरपर्यंत जाते तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात. त्या दिवसांत काय दिसणार? काळा कातळ, करपलेलं गवत आणि चार सुटे दगड. एप्रिलात टिटवीची अंडी तिथेच उघड्यावर असतात, पण ती गाडीतून दिसत नाहीत. कागदावर 'पडीक' लिहून मंडळी जेवायला खाली उतरतात.

त्या सुट्या दगडांखाली एक पाल राहते, हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावावरून १९६३ साली तिची शास्त्रीय नोंद झाली. अंगावर पांढरे पट्टे, लांबीला बोटभर. ही भिंतीवर चढणारी पाल नव्हे, जमिनीवरच वावरते. आणि चिरेखाणीचं पहिलं काम काय, तर सुटे दगड गोळा करून वरचा थर खरवडणं. कटर सुरू होण्याआधीच तिचा निवारा गेलेला असतो.

वर घाटमाथ्यावर आंबोलीच्या कातळांवर एक भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, आहे, झॅन्थोफ्रायनी टायग्रिना. जगाला तो २००९ मध्ये कळला आणि आज अतिधोक्यातल्या प्रजातींत मोडतो. पावसाच्या सुरुवातीला कातळाच्या खळग्यांत जे उथळ पाणी साचतं, त्यातच तो अंडी घालतो. तो खळगा मे महिन्यात कोरडा ठणठणीत असतो, त्यामुळे कुणाच्या अहवालात येत नाही. खाण संपली की खड्ड्यात तळं होतं, पक्षी येतात, असं सांगणारेही भेटतात. उभ्या भिंतींचा तो खोल डोह या भेकाच्या काय कामाचा? गुरं मात्र त्यात पडतात.

पर्यावरण परवानगी देताना शेजारचे खाणपट्टे, म्हणजे खाणीसाठी दिलेल्या जागा, एकत्र मोजायचा नियम २०१६ पासून आहे, पण दोन पट्ट्यांत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तरच. सडा मैलोन्‌मैल सलग असतो. सहाशे मीटरवर दुसरी खाण निघाली की ती कागदोपत्री सुटी, आणि दहा वर्षांत सड्याची चाळण. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला, त्यात खाणबंदी आहे. पण किनाऱ्याकडच्या उघड्या सड्यांना त्याचा फारसा आधार नाही. झाड नसलेली जागा आपल्याकडे रिकामीच समजतात.

मागणी एवढीच आहे. नव्या पट्ट्याची जागा जून ते सप्टेंबरमध्ये एकदा तरी बघितल्याशिवाय सही होऊ नये. सोबत सरपटणारे प्राणी आणि बेडूक ओळखणारा माणूस असावा, आणि गावातला एखादा गुराखीही, कारण पाणी कुठल्या खळग्यात किती दिवस टिकतं हे त्यालाच ठाऊक असतं. हिशेब पट्ट्याचा न करता अख्ख्या सड्याचा करावा.

आपण स्वतः आलात तर उत्तमच. छत्री आणू नका, वर वाऱ्यात टिकत नाही. घोंगडी आम्ही देऊ.

कळावे,
आपला,
सड्याखालच्या वाडीतला एक रहिवासी