विहीर बुजवू नका

पुणे, रविवार

तीर्थरूप नाना आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

नाना, पोरगी पुण्याला प्रोफेसर झाली हे तुम्ही १९९५ सालीच गावभर सांगून टाकलं होतं. तेव्हा मी तासिका तत्त्वावर होते. जितके तास घेतले तितक्याचे पैसे, आणि मे महिन्यात तासच नाहीत म्हणून पैसेही नाहीत. कागदोपत्री प्रोफेसर झाले ती गेल्या महिन्यात. फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मग इतके दिवस कोण होतीस?" आणि आई मागून ओरडली, "जेवली का ते विचारा आधी!" तेवढ्यात फोन कट झाला.

पण पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नाही. परवा किशोरचा फोन आला होता. नाल्याजवळची कोरडी विहीर बुजवायची, जेसीबीवाल्याशी बोलणं झालंय, त्या जागेवर कांदाचाळ उभी करायची, असं म्हणत होता. त्याचं चुकतंय असं नाही. बिनकठड्याची विहीर, पोरंटोरं, गुरं. तरी मी त्याला म्हटलं, थांब, नानांशी बोलते. आणि मग लक्षात आलं की या विहिरीबद्दल आपण सत्तावीस वर्षांत एकदाही बोललेलो नाही.

१९९८ चा उन्हाळा. मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली, गळ्यात भिंग, पिशवीत हातोडा, आणि डोक्यात सगळं कळल्याचा माज. तुम्हाला दुसरी विहीर काढायची होती. गावाच्या रिवाजाप्रमाणे आधी आई रानात फिरली. पायाळू ना ती! अर्ध्या तालुक्याला पाण्याच्या जागा दाखवल्यात तिने. अनवाणी चालत गेली आणि वरच्या अंगाला, उंबराजवळ, तिच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला. मी सगळ्यांसमोर हसले. आई, तू काही बोलली नाहीस, पदराने नारळ पुसून पिशवीत ठेवलास. मग मी जागा दाखवली, खाली नाल्याजवळ. माझं गणित पुस्तकातलं होतं: सखल भाग, मुरमाचा थर जाड, नाल्याचं पाणी मुरतं, म्हणजे पाणी इथेच. नाना, तुम्ही आईकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि माझ्या जागेवर कुदळ मारली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने सांगते. पाच परस खोल गेल्यावर तुम्ही एसटीडीवरून फोन केलात. "सुरुंगवाले म्हणतात, डोंगराच्या अंगाला लोखंड लागलंय. छेद घेताना पहारी बोथट होतात." मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पाषाण असेल नाना, आणखी दोन परस जा, खाली पाणी धरणारा मांजऱ्या खडक लागेल." दगड वर ओढणाऱ्या यारीचं भाडं, सुरुंगाचा खर्च, सगळं आणखी वीस दिवस चाललं. मांजऱ्या लागला नाही. पाणी लागलं नाही. आधीच घेऊन ठेवलेली पाच हॉर्सपॉवरची मोटर तीन वर्षं ओसरीत गोणपाटाखाली पडून होती, मग मामाने अर्ध्या किमतीत नेली. सोसायटीचं कर्ज फिटेपर्यंत उन्हाळी कांदा नाही. आणि तुम्ही गावाला काय सांगितलंत? "जागा मीच ऐनवेळी सरकवली, पोरीने वेगळी दाखवली होती." हे मला किशोरच्या लग्नात चुलत्यांकडून कळलं.

मी तेव्हा तुमच्याशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी पीएच.डी.ला नाव घातलं.

नेमका कशावर अभ्यास केला असं तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही. त्या "लोखंडा"वर केला.

आपला दख्खनचा सगळा काळा खडक लाव्ह्याचा, हे तुम्हाला माहीत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो बाहेर आला, थरावर थर पसरत गेला. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. इंग्रजीतलं "ट्रॅप" हे त्याचं नावसुद्धा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलंय. आता विचार करा, ज्या भेगांतून लाव्हा वर येत होता त्यांचं पुढे काय झालं? काही भेगांमध्ये तो तसाच थिजला. जमिनीच्या पोटात दगडाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. त्यांना आम्ही डाइक म्हणतो. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे दोनशेच्या वर डाइक नोंदलेले आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम जाणारे, काही कित्येक किलोमीटर लांब. साक्रीहून पिंपळनेरकडे जाताना एसटीतून सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या टेकड्या दिसतात, लहानपणी तुम्ही मला "भीमाने घातलेला बांध" म्हणून दाखवायचात, त्या याच. आजूबाजूचा खडक झिजला, भिंत उरली. काही ठिकाणी मात्र उलट होतं. भिंतीचा माथा मातीखाली दडलेला असतो आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही.

२००३ मध्ये मी खडकाचं चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटर आणि जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजणारं रेझिस्टिव्हिटीचं यंत्र घेऊन चार मुलांबरोबर आपल्या रानात आले होते. तुम्हाला वाटलं, कॉलेजचं काहीतरी काम आहे. आईने सगळ्यांना शेवभाजी आणि कळण्याची भाकरी घातली. दुपारपर्यंत वहीत आकडे उतरवले, आणि संध्याकाळी बांधावर बसून आलेख काढला तेव्हा माझा हात थरथरत होता. आपल्या शेताच्या मधोमध, मातीखाली, आठेक मीटर रुंदीचा डाइक आडवा गेलाय. डोंगराकडून झिरपत येणारं पाणी तो अडवतो, जमिनीखालचा बंधाराच तो. वर उंबराच्या अंगाला पाणी तुंबलेलं, खाली नाल्याच्या अंगाला कोरडं. मी भिंतीच्या चुकीच्या बाजूला उभं राहून बोट दाखवलं होतं. तेही इतकं जवळ, की विहिरीची दक्षिण बाजू थेट भिंतीला जाऊन भिडली. सुरुंगवाले खरं सांगत होते.

पुढच्या वर्षी उंबराजवळ विहीर काढली आणि चौथ्या परसाला पाणी लागलं. गाव म्हणालं, नारळ जिंकला. मी कधी खोडून काढलं नाही. पण आज लिहिते, आई, रागावू नकोस: नारळावर माझा आजही विश्वास नाही. तुझ्यावर आहे. तू पन्नास वर्षं त्या रानात खुरपलंस. वरच्या अंगाचं गवत चैत्रातही हिरवं असतं, उंबर कधी वाळत नाही, वारूळ तिथेच आहे, हे तुझ्या पायांना ठाऊक होतं. वराहमिहिरानेसुद्धा झाडांवरून आणि वारुळावरून जमिनीतलं पाणी ओळखायच्या खुणा लिहून ठेवल्यात. मी त्याही आंधळेपणाने मानत नाही, मोजून बघते. पण हसत नाही आता. आणि डाइक म्हटला की तो पाणी अडवतोच असंही नाही. अंगभर तडकलेला असेल तर त्याच्यातूनच पाणी पळतं, मग त्याच्यावरच विहीर घ्यावी. त्यासाठी प्रत्येक गावात जाऊन बघावं लागतं. माझी वीस वर्षं त्यातच गेली. त्यावर जे लेख छापून आले ते वाचणारे जगात फार तर शंभर जण असतील, पण त्या अभ्यासावरून साक्री तालुक्यात चार गावांनी विहिरींच्या जागा बदलल्या. मला तेच पुरतं.

शिकवण्याचं विचाराल तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी तुमचेच दोन दगड नेते. कापडी पिशवीतून एक मांजऱ्या आणि एक काळा पाषाण काढून टेबलावर ठेवते. पुण्यातल्या पोरांना दोन्ही सारखेच दिसतात. मग एकेकाच्या हातात देते. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग. दुधावर साय धरावी तसा तो वरून आधी थिजतो, वर येणारे वायूचे फुगे त्यात अडकतात, आणि पुढे त्या भोकांमध्ये पांढरी गार नाहीतर झिओलाइट नावाचं खनिज भरतं. पाषाण म्हणजे त्याच थराचं सावकाश थंड झालेलं पोट. दोन थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसला तर समजायचं, एका लाव्ह्यानंतर दुसरा यायला इतका वेळ गेला की मधल्या काळात खडकाची माती झाली आणि वरच्या लाव्ह्याने ती भाजली. पुस्तकातले शब्द मी नंतर देते. आधी मुरूम, मांजऱ्या, पाषाण, गेरू. एका मुलाने परीक्षेत "मांजऱ्या बेसॉल्ट" असंच लिहिलं, मी पूर्ण गुण दिले, बाहेरच्या परीक्षकांनी अर्धा कापला.

मग सूक्ष्मदर्शक. दगडाची चकती घासत घासत ०.०३ मिलिमीटर करायची, कागदाहून पातळ. मग काळ्या पाषाणातूनही उजेड आरपार जातो आणि आत निळे, नारिंगी, पट्ट्यापट्ट्यांचे स्फटिक दिसतात. पहिल्यांदा बघणारं प्रत्येक पोर डोळा काढून दगडाकडे बघतं, पुन्हा डोळा लावतं. इतकी वर्षं मी ते बघतेय, कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो फायलींचा, त्याबद्दल लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट मी वर्गात करते, ती तुम्हाला कदाचित पटणार नाही. माझ्या जुन्या वह्या दाखवते. बी.एस्सी.च्या वहीत माझ्या सुंदर अक्षरात लिहिलंय, "दख्खनचे पठार स्थिर आहे." एम.एस्सी.ला गेले त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सरांबरोबर आम्ही दोन आठवड्यांनी गेलो होतो. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड धाबं. लोक झोपेत होते. आपलं घरही तेव्हा धाब्याचंच होतं. त्या रात्री मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं, ओसरीत झोपत जा म्हणून. दुसरी वही लोणारची. त्यात विवराचं वय पन्नास हजार वर्षं. २०११ मध्ये खडकातल्या आर्गॉन वायूवरून मोजलेलं वय छापून आलं तर ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं, दसपटीहून जास्त. आई, लवणासुर म्हातारा झाला एकदम. मी मुलांसमोर जुना आकडा खोडते आणि शेजारी नवा लिहिते. तिसरी वही आपल्या शेताची. ती मी आजवर दाखवली नाही.

म्हणून सांगते, विहीर बुजवू नका. त्या विहिरीच्या दक्षिण भिंतीत जे उघडं पडलंय ते मला सगळ्या जिल्ह्यात दुसरीकडे इतकं स्वच्छ दिसलेलं नाही. डाइकची कड थंड खडकाला टेकून झटकन थिजली म्हणून काचेसारखी बारीक कणांची, आत जावं तसे कण मोठे, आणि त्याचे खांब उभे नाहीत तर आडवे, सरपणाची मोळी रचावी तसे. पोरं हे फळ्यावरच्या चित्रात बघतात. किशोरला म्हणावं, कांदाचाळ तीस फूट उंबराकडे सरकव. उंच जागेवर वारा लागेल, कांदाही टिकेल. कठडा आणि वर लोखंडी जाळी मी करून देते, गवंड्याला पैसे पाठवले आहेत. वाढलेल्या पगाराचा पहिला हप्ता तिथेच लागू दे.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन येतेय. अठरा जण आहेत, त्यांत अकरा मुली. आमच्या वेळी वर्गात मी एकटी होते. जमिनीखालच्या खाणीत बायकांना काम करायलाच १९५२ च्या कायद्याने बंदी होती, ती २०१९ मध्ये सैल झाली. या अकरांपैकी दोघींना खाणीतच जायचंय. आईला सांगा, स्वयंपाकाची धावपळ नको, आम्ही डबे आणू. (ती ऐकणार नाही, म्हणून तिखट तेवढं कमी घालायला सांगा.)

नाना, गुडघा दुखत असेल तर खुर्ची विहिरीपाशी नेऊन ठेवू. पहिल्या परसापासून शेवटच्यापर्यंत काय काय लागलं ते तुम्ही सांगायचं, तुमच्या शब्दांत. मुरूम कुठे संपला, पाषाण कुठे लागला, आणि पहारी कुठे बोथट झाल्या. जागा कुणी दाखवली ते मी सांगेन. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

आई, तू एक नारळ आणून ठेव. पोरं हात पुढे करणारच आहेत. सगळ्यांच्या तळहातावर ठेवून बघू, मग फोडून खाऊ.

तुमची,
बेबी

ता. क. किशोर, हे वाचून दाखवणारा तूच असशील. जेसीबीवाल्याला आजच फोन कर.