मार्नीच्या आईबद्दल

पुणे, रविवार

प्रिय शुभा,

तुझं पत्र मिळालं. उत्तर लगेच लिहिणार होते, पण आधी हिचकॉकचा १९६४ चा ‘मार्नी’ हा चित्रपट पुन्हा एकदा बघून घेतला. बोटीवरच्या केबिनमधला प्रसंग झाल्यावर तू तो बंद केलास आणि ‘या माणसाला नायक मानणारा चित्रपट मला बघायचा नाही’ असं लिहिलंस. तुझा राग रास्त आहे. मार्नी ‘नाही’ म्हणून ओरडते, तिचा नवरा मार्क तिचा गाऊन ओढून काढतो, लगेच माफी मागून स्वतःचा गाऊन तिच्या खांद्यावर घालतो, आणि तरी थांबत नाही. तिचा चेहरा दगडासारखा होतो. पहाटे ती बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात तरंगताना सापडते. हा बलात्कारच आहे, दुसरा शब्द नाही. त्या काळी लोकांना हे कळत नव्हतं म्हणावं, तर तेही खरं नाही. आधीचा पटकथाकार इव्हान हंटर यानं या प्रसंगाला विरोध केला होता, आणि हिचकॉकनं त्याला बाजूला करून काम जे प्रेसन ॲलनकडे दिलं.

पडद्यामागचंही तुला ठाऊक असलेलं बरं. मार्नीची भूमिका आधी अभिनेत्री ग्रेस केली करणार होती. पण तेव्हा ती मोनॅकोची प्रिन्सेस होती, तिला ते जमलं नाही आणि भूमिका टिपी हेड्रनकडे आली. हिचकॉकनं आपला लैंगिक छळ केला, असं हेड्रननं २०१६ साली आलेल्या आत्मचरित्रात लिहिलंय. हे वाचल्यापासून तिच्या चेहऱ्यावरची भीती मला निव्वळ अभिनय म्हणून बघता येत नाही. ‘कलाकृती वेगळी, माणूस वेगळा’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही. तरी तू हा चित्रपट शेवटपर्यंत बघावास असं मला मनापासून वाटतं, आणि ते हिचकॉकसाठी नाही. बर्निससाठी. मार्नीच्या आईसाठी.

सुरुवातीचा बाल्टिमोरच्या घरातला प्रसंग आठवतोय ना? मार्नी जवळजवळ दहा हजार डॉलर चोरून, केसांचा काळा रंग धुऊन, नाव बदलून आईकडे येते. फरचा महागडा स्टोल आणते, पांढरी फुलं आणते. फुलदाणीतली लाल ग्लॅडिओला दिसताच घाबरते आणि ती काढून टाकते. मग आईच्या पायाशी बसून गुडघ्यावर डोकं टेकवते. आई म्हणते, पाय दुखतोय माझा, जरा जपून. आणि तिच्यादेखत शेजारच्या छोट्या जेसीला जवळ घेऊन तिचे केस विंचरत बसते! आपल्याकडे वेणी घालणं म्हणजे काय असतं, हे तुला मी सांगायला नको. दोन घटका आईचे हात फक्त आपले असतात. ते हात मार्नीच्या वाट्याला आलेच नाहीत. पुढे स्वयंपाकघरात ती विचारते, तुला मी का आवडत नाही, आई? आईच्या हाताला हात लावते, आई हात मागे घेते. मार्नी तिजोऱ्या का फोडते, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. पुढे मार्क तेच शब्दांत सांगतो, की मुलाला प्रेम मिळालं नाही तर ते हाती लागेल ते उचलतं. पण तोपर्यंत आईचं काम करणाऱ्या लुईस लॅथमनं ते निव्वळ एका हाताच्या हालचालीतून सांगून टाकलेलं असतं.

मार्क रटलंडच्या कचेरीतली मार्नीची चोरी तू पाहिलीस, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. पण कान देऊन ती पुन्हा बघ. बर्नार्ड हरमनचं संगीत चित्रपटभर उसळत असतं आणि नेमकं इथे थांबतं. एका बाजूला फरशी पुसणारी बाई, दुसऱ्या बाजूला मार्नी, मध्ये भिंत. कोटाच्या खिशातला बूट घसरत घसरत पडतो आणि आपण त्या चोर बाईसाठी श्वास रोखून धरतो. तिच्या बाजूनं उभं राहायला चित्रपट आपल्याला असं भाग पाडतो.

आता तू न पाहिलेला भाग. शेवट सांगून टाकतेय, कारण यात रहस्यापेक्षा मोठं काहीतरी आहे. वादळी रात्री मार्क मार्नीला आईच्या घरी आणतो आणि आठवण बाहेर येते. आई खलाशांना घरी आणून पोट भरत असे. असंच वादळ होतं, घाबरून रडणाऱ्या पोरीला एक खलाशी जवळ घेऊ लागला, आई त्याच्यावर तुटून पडली, झटापटीत तो तिच्या पायावर पडला. पाच-सहा वर्षांच्या मार्नीनं शेकोटीतली लोखंडी सळई उचलली. पुढे सगळा पडदा लाल होतो.

आईनं पोलिसांना सांगितलं की मारलं मी. खटल्याला ती उभी राहिली. पोरीला ती रात्र आठवत नाही, हे तिला देवानं क्षमा केल्याची खूण वाटली, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं, धर्म धरला, मुलीला पुरुषांपासून जपलं. आणि स्वतः पंधरा वर्षांची असताना एका मुलाच्या स्वेटरच्या मोहात ती कशी सापडली, मार्नी कशी पोटात राहिली, हे ती सांगते तेव्हा मला रडू आवरलं नाही. मुलीला वाचवण्यासाठी धरलेल्या त्या मौनानंच मुलगी उद्ध्वस्त केली. हे मला आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत दिसतं, शुभा. तू तर शाळेत समुपदेशक आहेस, तुझ्यासमोर रोज असं कुणीतरी बसत असेल.

मग मार्नी पुन्हा गुडघ्यावर डोकं ठेवते. आईचा हात केसांपर्यंत येतो, थबकतो, मागे जातो. ऊठ, पाय दुखतोय. एवढं सगळं बोलून झाल्यावरही! तिचे केस नीट करतो तो मार्क. इथे माझं चित्रपटाशी भांडण आहे. एका रात्रीत आठवण परत आली म्हणून माणूस बरा होत नाही. आघातानंतरचा ताणविकार १९८० साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला, आणि त्यातून बाहेर पडायला सुरक्षितता लागते, वेळ लागतो, हे तुझ्या शिक्षणातलंच आहे. ज्या नवऱ्यानं बळजबरी केली त्याच्याच हाती तिला देणं म्हणजे सुरक्षितता कशी? विन्स्टन ग्रॅहमच्या १९६१ च्या मूळ कादंबरीत एक मानसोपचारतज्ज्ञ आहे. ॲलनच्या पटकथेत तो गेला आणि त्याचं काम मार्कवर आलं. नवराच डॉक्टर, नवराच पोलीस. तुला जे खटकलं त्याचं मूळ मला या बदलात दिसतं.

कादंबरी इंग्लंडमध्ये घडते, आईचं गुपितही तिथे निराळं आहे, आणि मार्नी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगते. माझी प्रत तुला पोस्टानं पाठवते. त्याआधी चित्रपटाचा उरलेला भाग बघ, निदान बाल्टिमोरची ती रात्र तरी. मग दिवाळीत तू आलीस की मार्कबद्दल मनसोक्त भांड, मी बर्निसची बाजू घेऊन बसणार आहे.

तुझी,
मीनल